आईची ओ

आमच्या शेतातला राखणीचा माळा जिथे होता तिथे आता पोहायचा तलाव आहे, आणि तलावात पोहत मात्र कुणीच नाही. माणसं काठावर बसून पाण्यात पाय सोडतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. एवढ्यासाठी केवढं ते खोदकाम! फार्महाऊसच्या गेटवर लाकडात नाव कोरलंय, ‘मातीची हाक’. मातीने यांना कधी हाक मारली होती देव जाणे. मारली असती तरी यांच्या कानात फोनची बोंडकी होती.

आई तलावाच्या काठाने चालत होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, पायात माझ्या चपला. एका जागी थांबून तिने टाचेने फरशीवर दोनदा ठोकलं.

“हितं आपलं मोठं खाचर,” ती म्हणाली. “ह्यांनी वरती फरशी केली, पन खालती चिखल तसाच हाय बघ.”

एक केसांचा बुचडा बांधलेला बाप्या आमच्याकडे बघून हसला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “ह्याची आये मेली काय? केस कोन नाय कापत?”

मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

आम्ही आलो होतो एका कॅसेटसाठी. आता ती कॅसेट राहिलेली नाही, मोठी काळी तबकडी झाली आहे, आणि तिच्या सोहळ्याला मुंबईपुण्याची माणसं आमच्या पोशीरपर्यंत गाड्या हाणत आली होती. मी सतरा वर्षांची असताना खोपोलीच्या चार पोरांनी एक रॉक बँड काढला होता. नाव ‘निर्वात’. आता ज्या गावात वाऱ्याने कौलं उडतात त्या गावात येऊन स्वतःला निर्वात म्हणवून घ्यायचं, यातच सगळं आलं. त्यांच्या गाण्यांना चाल नव्हती, ताल असलाच तर तो एकेकाचा वेगळा होता, आणि शब्द म्हणजे कुणीतरी झोपेत बरळावं तसे. याला ते प्रयोग म्हणायचे. खोपोलीत शेजाऱ्यांनी त्यांच्या प्रयोगावर दगड मारले, तेव्हा ते आपली गिटारं आणि ढोल टेंपोत घालून तालमीसाठी जागा शोधत फिरू लागले. आमच्या शेतावरचा गोठा तेव्हा रिकामा होता. बाबा साजगावच्या कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांनी पोरांना सांगितलं, “बसा बापडे. गुरं गेली, तुमी आलात.”

म्हाताऱ्याने किती नेमकं सांगून ठेवलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

भाद्रपद. त्या महिन्याचा वास मला आजही कुठे मिळत नाही, आणि अत्तरवाल्यांच्या बापाला तो जमणार नाही. भात निसवलेलं असतं, दाण्यात दूध भरत असतं, आणि सकाळी दव उडायला लागलं की खाचरातून उकडलेल्या पेजेसारखा गोडूस वास येतो. बांधावरच्या काकड्या तेव्हा इतक्या होतात की कुणी कुणाला विचारून तोडत नाही. माळ्यावर माझ्या उशाला एक काकडी, फडक्यात तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आणि मांडीशी तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा. समोर माथेरानचा डोंगर. त्या डोंगराकडून राघूंचे थवे यायचे, हिरवे, किंचाळत, वरातीसारखे माजलेले. सकाळच्या घडीभरात एखादं खाचर झोडपून टाकायचे. खायचे थोडं आणि पाडायचे फार, अगदी फार्महाऊसवाल्यांसारखं.

मी अलीकडच्या माळ्यावर, आई ओढ्यापलीकडच्या. मधे एवढं अंतर की तिचं लुगडं दिसायचं, तोंड दिसायचं नाही. आणि आमचा एक रिवाज होता, जो त्या आळीत सगळ्यांचाच होता. थवा दिसला की आधी हाक मारायची.

“जागी हाय का गं आयेऽऽ?”

पलीकडून ओ यायची. “हाय गंऽऽ! जागी हाऽय!”

मग पुन्हा आपण ओरडायचं, “मंग हाऽन!” आणि दोन्हीकडून एकदम डबे बडवायचे.

एकदम, कारण एकीने आधी बडवला तर थवा उठून दुसरीच्या खाचरात बसतो. दोन्हीकडून एकाच वेळी दणका बसला तरच पाखरं डोंगराकडे वळतात. म्हणून विचारायचं, ओ यायची वाट बघायची, मगच डब्याला हात घालायचा. आणि ओ आलीच नाही तर डबा तिथेच टाकून धावत सुटायचं. एका वर्षी आमच्या आळीतल्या एका बाईची ओ आली नव्हती. तिला फुरसं चावलं होतं, माळ्याच्या शिडीपाशी. लोक धावले म्हणून वाचली. तेव्हापासून आमच्याकडे ओ न देणं ही थट्टेची गोष्ट नाही. माळ्यावर डोळा लागला आणि ओ चुकली, तर त्या बाईला वर्षभर तोंड लपवावं लागतं.

हे सगळं अनिकेतला मी सांगितलं होतं. अनिकेत म्हणजे त्या बँडचा म्होरक्या, दाढी न आलेला आणि तरी ती कुरवाळणारा. तो म्हणाला, “भयंकर आहे हे. आदिम आहे.” मी म्हटलं, “आदिम कसलं डोंबल, पोपट हाकलतोय.” पण तो ऐकायला थांबला नव्हता. ती पोरं कधीच ऐकायला थांबत नसत. आवाज जमवायचा त्यांना केवढा सोस, पण ऐकायचं म्हटलं की अंगाला काटे.

मग एके सकाळी तो माझ्या माळ्यावर मायक्रोफोन घेऊन चढला. शिडीची एक पायरी मोडली त्याने. वायर खाली गोठ्यापर्यंत, गोठ्यात टेप, आणि वीज गेलेली म्हणून टेप टेंपोच्या बॅटरीवर. थवा आला. मी हाक मारली. आईने ओ दिली, दुरून, पण खणखणीत. मी ‘मंग हान’ म्हटलं, आम्ही डबे बडवले, आणि खाली गोठ्यातून त्यांच्या ड्रमवाल्याने त्याच वेळी ढोलांवर हात साफ करून घेतला. राघू असे पळाले की चार दिवस फिरकले नाहीत. त्या संगीताचा झालेला तेवढाच एक उपयोग.

टेंपोची बॅटरी बसत आली होती. रेकॉर्ड होताना टेप हळूहळू मंद फिरली, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर कॅसेटवर माझा आवाज शेवटाकडे चढत चढत मुंगीएवढा बारीक होतो. त्यावर आता लेख आहेत. एका शहाण्याने लिहिलंय की तिथे स्त्रीचं शरीर आवाजातून विरघळून जातं. काय विरघळत नाही बाबा, बॅटरी उतरली होती.

कॅसेट आली नवरात्रात. काळं वेष्टन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत अल्बमचं नाव, ‘कुणीच नाही’. मागे चौघांची नावं, आणि सगळ्यात खाली, ‘आवाज : शेत’. म्हणजे मी. माझं नाव विचारायला त्याला सवड झाली नसावी. दीड महिना आमच्या घरचा चहा ढोसायला झाली होती.

तरी आम्ही खूश होतो, हे सांगायला हवं. गावातली पोर कॅसेटमध्ये आली म्हणून देवीच्या मांडवातल्या लाऊडस्पीकरवाल्याने ती लावली. झेंडूचा वास, धुपाचा वास, बायका पदर सावरून ओळीने बसलेल्या, आई सगळ्यांत पुढे. पहिला अर्धा तास पत्रा फाटावा तसे आवाज आले. बायकांनी कानांत पदराचे बोळे घातले, पण उठलं कुणी नाही. मग माझा आवाज आला. मांडवभर, गावभर, पार नदीपर्यंत.

“जागी हाय का गं आयेऽऽ?”

आई ताठ झाली. आता आपली ओ येणार म्हणून तिने पदर नीट केला.

काही आलं नाही. नुसती खरखर. चार श्वास घेऊन होतील एवढी खरखर, आणि मग एकदम, “मंग हाऽन!”

आईची ओ होती त्या जागी अनिकेतने आवाज पार खाली दाबून टाकला होता. जागा तेवढीच ठेवली, आतलं माणूस काढून घेतलं.

मग माझी काकी, आईची थोरली जाऊ, मोठ्याने म्हणाली, “काय गं हिरे, डोळा लागला व्हता काय तुझा?”

सगळा मांडव हसला. आईसुद्धा हसली. घरी येऊन तिने चूल पेटवली नाही.

त्यानंतर बोअरिंगवर भांडण झालं की तेच. हळदीला बायका जमल्या की तेच. पोरगी हाका मारून घसा फोडते नि ही ओ देत नाय. आई दर वेळी एकच मुद्दा मांडायची, आणि तो बिनतोड होता. “मी ओ दिली नसती तर पोरीनं ‘मंग हान’ म्हटलं असतं का? सांगा की!” कुणी ऐकेना. कॅसेटमध्ये नाही म्हणजे नाही. जे छापलं, वाजलं, तेच खरं.

आई अनिकेतकडे गेली होती, गोठ्यात. मी बरोबर होते.

“माझी ओ कुठं हाय?” तिने विचारलं.

“मावशी, तिथे मौन आहे,” तो म्हणाला. “प्रश्न आहे आणि उत्तर नाही. जगात आपल्याला कुणीच उत्तर देत नाही ना, तसं. त्याच्यावरूनच अल्बमचं नाव ठेवलंय.”

“कुनीच नाय कसं? मी व्हते की तिथं!”

“हो, पण कलेत...”

“कला गेली चुलीत,” आई म्हणाली. “बाईमानूस हाका मारतंय आन् आये ओ देत नाय, असं कुठं असतंय का रं? तुझी आये ओ नाय देत?”

त्यावर तो हसला. ते हसू मी विसरलेले नाही. त्या एका हसण्याने तो माझ्या मनातून कायमचा उतरला.

पुढे निर्वात फुटला. जो तो नोकरीला लागला, अनिकेत परदेशात गेला. गोठा पडला, शेत गेलं. ते कसं गेलं ते उगाळत बसण्यात अर्थ नाही. इथली सगळीच शेतं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने. मी कर्जतच्या एसटी स्टँडवर चिकटले. नियंत्रकाच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारते. मुरबाड, पनवेल, खोपोली. तिथे मी हाक मारली की माणसं पिशव्या घेऊन धावत येतात. माझ्या आवाजाची तेवढी कदर मला पुरते.

आणि कॅसेट मात्र मेली नाही. चांगल्या चांगल्या कॅसेटी मेल्या. ही इंटरनेटवर गेली, परदेशातल्या कुणी ऐकली, आणि त्या मौनाचं कौतुक सुरू झालं. ती चार श्वासांची खरखर म्हणे भारतीय रॉकमधली सगळ्यात धाडसी जागा. म्हणे अनुत्तरित मानवाची किंकाळी. स्टँडवरच्या एका कॉलेजच्या पोराने मला फोनवर ऐकवली. “मॅडम, ही बाई कुणाला बोलावतेय कळतच नाही ना? ग्रेट!” मी त्याला नेरळची गाडी दाखवली.

पण त्या कॅसेटने माझं जे नेलं ते त्याला कसं सांगणार? नवरात्रापासून ती मी इतक्यांदा ऐकली होती, रागाने, पुन्हा पुन्हा, कुठे तरी खरखरीच्या तळाशी आई सापडेल म्हणून. आणि मग कधी तरी असं झालं की माळा आठवला, काकडी आठवली, डब्याचा तापलेला पत्रा आठवला, मी हाक मारलेली आठवली, आणि पुढे आईची ओ आठवेना. खरखर आठवायची. माझ्याच डोक्यात त्या दाढीकुरवाळ्याने आवाज खाली दाबला होता. आई म्हणायची, “मी ओ दिली व्हती,” आणि मी म्हणायचे, “दिली होती गं.” पण ते मी ऐकीव सांगितल्यासारखं म्हणत होते, आणि आईला ते कळत होतं. तिचे कान तेव्हा तिखट होते. ती माझ्याकडे बघायची आणि भाजी निवडायला घ्यायची.

गेल्या महिन्यात अनिकेतचा फोन आला. तबकडी निघतेय, पोशीरलाच सोहळा आहे, जिथे माळा होता अगदी तिथेच, तू यायलाच हवंस. मी म्हटलं, गाड्या पुकारायच्या आहेत मला. शेजारी आई बसली होती. फोन कुणाचा ते तिला कळलं.

“माझी ओ परत देतो का इचार त्याला.”

मी विचारलं. “अरे हो, नक्की!” अनिकेत म्हणाला. “आता तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय. तळातून काहीही वर काढता येतं. मावशींना घेऊन ये.”

म्हणून आम्ही आलो होतो. आईने काकीलाही सांगितलं होतं, जाताना मुद्दाम तिच्या दारावरून, “माझी ओ आनाया चाललेय.” काकी आता बसून असते, पण जीभ चालते. म्हणाली, “आन बाय. येताना माझ्यासाठीबी येक आन.”

तलावालगतच्या दालनात गाद्यागिरद्या होत्या. ताटांत भाकरीचे तिकोनी तुकडे आणि वर बोटभर ठेचा. आईने एक तुकडा उचलून उलटसुलट बघितला. “भाकरीला कातर लावली,” ती म्हणाली आणि परत ठेवला. तिच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणली. अनिकेत आला. आता त्याला दाढी आहे, पांढरी. आईच्या पाया पडला, बघणारे बघत होते म्हणून जरा सावकाश.

“माझी ओ घातलीस का रं?” आईने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मावशी, मूळ टेपला बुरशी लागली होती. आम्ही प्रयत्न केला. पण खरं सांगू का? ते मौन आता लोकांचं झालंय. त्याला हात लावणं बरोबर नाही.”

“प्रयत्न केलास?” मी विचारलं.

“म्हणजे... बोललो आम्ही त्याच्यावर.”

बोलाचीच कढी! मी आईचा दंड धरला. “चल आये, रिक्षा बाहेरच हाय.” पण आई उठली नाही. ती त्या काळ्या तबकडीकडे बघत होती. “लाव,” ती अनिकेतला म्हणाली. “लाव तर खरं.”

लोक डोळे मिटून बसले. लग्नात मंगलाष्टकांना बसत नाहीत एवढे गंभीर. पत्रे फाटले, गिटारं किंचाळली, बुचडेवाला मान डोलवत होता. आई हनुवटीला हात लावून बसली होती. आता तिला ऐकायला कमी येतं, म्हणून मला वाटलं की तिला काही पत्ताच लागत नसावा. खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसत होता, तेवढा मात्र कुणाला हलवता आला नव्हता.

आणि मग मी आले. सतरा वर्षांची, उन्हात भाजलेली, पोट भरलेली, कुणाचं काही न लागणारी.

“जागी हाय का गं आयेऽऽ?”

खरखर सुरू झाली. खोलीभर माणसांनी श्वास रोखला. त्यांची ती धाडसी जागा आली होती.

“हाय गंऽऽ!” आई ओरडली. “जागी हाऽय!”

खुर्चीत बसल्या बसल्या, ओढ्यापलीकडे पोचेल अशा आवाजात. आवाज फाटलेला, पण उंची तीच, ‘हाय’वर तोच हेलकावा, आणि जागा इतकी अचूक की ती संपली आणि तबकडीतली पोरगी लगेच म्हणाली, “मंग हाऽन!”

आईने शेजारचं पितळेचं ताट उचलून जमिनीवर आपटलं. भाकरीचे तिकोन उडाले. तबकडीत डबे वाजत होते, इथे ताट वाजत होतं, एका वेळी, एका दणक्यात, जसं वाजायला हवं तसं. माझ्या डोक्यातली खरखर कुणी तरी फडक्याने पुसून काढली. ओढा, त्यापलीकडे हिरवं लुगडं, आणि तिकडून येणारी ओ. ती आली होती. त्या सकाळी ती अशीच आली होती. मी भर सभेत हुंदका देऊन रडले, आणि कुणाला काय वाटेल याची मला काडीची पर्वा नव्हती.

त्या लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. अनिकेत धावत आला, त्याचे डोळे चमकत होते. “मावशी, पुन्हा एकदा? प्लीज. मी रेकॉर्ड करतो. आता घालूच आपण.”

आईने ताट खाली ठेवलं आणि लुगडं झटकलं.

“पोरीनं हाक मारली, मी ओ दिली,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी कशाला देऊ?”

रिक्षा निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी काही थोडी खाचरं उरली आहेत त्यांत भात निसवलं होतं. चौकातून वळताना तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ऐकू आली का गं तुला?”

“आली.”

“आता न्हवं. तवा. तवाबी आली व्हती ना?”

“आली होती आये,” मी म्हटलं. “आली म्हणून तर ‘मंग हान’ म्हटलं.”

“मंग झालं,” आई म्हणाली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं की आधी काकीच्या दारात घे.